सत्तरीत माकडतापाची गोचिडे गोळा करायची आहेत, आराखडा तपासून द्या

वाळपई_वाट

नमस्कार मंडळी. येत्या काजू हंगामात गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात माकडतापासाठी (क्यासनूर जंगल रोग, गोचिडांतून पसरणारा विषाणूचा ताप) गोचिडांचे सर्वेक्षण करायचे ठरते आहे. प्राणिशास्त्राचे एम.एस्सी.चे सहा विद्यार्थी आणि दोन शिक्षक असतील. आराखडा असा:

मार्च ते मे. पाली, केरी, कोपार्डे, म्हाऊस या भागातल्या सहा काजू बागायती. पंधरवड्यातून एकदा, सकाळी सात ते नऊ. पांढरे फ्लॅनेलचे कापड जमिनीवरून ओढायचे, शिवाय जवळच्या गोठ्यांतली गुरांच्या अंगावरची गोचिडे काढायची. सगळी ७० टक्के अल्कोहोलमध्ये टाकायची. कॉलेजच्या प्रयोगशाळेत पन्नास-पन्नासचे गट करून बारीक वाटायची, आरएनए (विषाणूचे जनुकीय द्रव्य) काढायचा, तो शोधणारी पीसीआर चाचणी बाहेरून करून घ्यायची.

विचारायचे ते एवढेच: वेळापत्रक बरोबर आहे का, अल्कोहोल चालेल का, आणि निकाल कसा मांडायचा. हातचे राखून सांगू नका.

---

गोचीडशोधक

वाळपईबाब, हातचे राखत नाही. वेळापत्रक, अल्कोहोल, गोठा आणि वाटण, चारही ठिकाणी घोळ आहे. एकेक घेतो.

महिने. माकडतापाचा मुख्य वाहक हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा. याचे वर्षाचे चक्र पावसावर चालते. मोठी गोचिडे पावसाळ्यात, पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर लार्व्हा (अंड्यातून निघालेली पहिली अवस्था), आणि साधारण डिसेंबरपासून मेपर्यंत निम्फ (लार्व्हा आणि प्रौढ यांच्या मधली अवस्था). माणसाला चावतो तो मुख्यतः निम्फ. मोहरीपेक्षा लहान, चावला तरी कळत नाही. मार्चला सुरुवात केलीत तर चढती बाजू हातची गेली, फक्त उतरती मिळेल. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुरू करा. मग लार्व्हा कमी होऊन निम्फ कधी वाढतात ते दिसेल, आणि आरोग्य खात्याला खरा उपयोग त्याचाच आहे, कारण बागायतीत माणसे उतरण्याआधी इशारा देता येतो.

वेळ. सकाळी सातला काजूखालचा पाला दवाने ओला असतो. फ्लॅनेल ओले झाले की त्यावर गोचीड चढत नाही, चढले तर चिकटून राहत नाही. दव सुकल्यावर निघा. साधारण साडेआठ ते अकरा. त्यानंतर ऊन तापले की निम्फ पाल्याच्या खालच्या थरात जातात आणि तुमचा आकडा उगाच खाली येतो. सगळ्या बागायतींत तीच वेळ पाळा, नाहीतर केरीची बागायत कोपार्डेपेक्षा 'स्वच्छ' दिसेल आणि कारण फक्त घड्याळ असेल.

ओढण्याची पद्धत. कापड साधारण एक मीटर रुंद, पुढच्या कडेला काठी, मागच्या कडेला शिवून घेतलेले बारीक वजन, म्हणजे कापड पाल्याला टेकून चालते. शंभर मीटरची सुतळी आधी आखून ठेवा. दर दहा मीटरला थांबायचे, कापड उलटायचे, दोन्ही बाजू पाहायच्या. पन्नास मीटर एका दमात ओढले तर सुरुवातीला चढलेली निम्मी वाटेत गळून पडतात. रानमोडीच्या झुडपात कापड अडकते, तिथे ओढत बसू नका. लहान कापड काठीला बांधून झेंड्यासारखे झुडपावरून फिरवा, आणि त्याची नोंद वेगळी ठेवा. ओढलेले आणि फिरवलेले एका बेरजेत घालायचे नाही.

लार्व्हाचा पुंजका आला तर शेकड्यांनी येतात. चिमट्याने वेचत बसाल तर दुपार होईल. रुंद चिकटपट्टी दाबून उचला आणि पट्टी पिशवीत बंद करा. मोजणीसाठी हे चालते, विषाणू तपासणीसाठी नाही. लार्व्हाला सहा पाय, निम्फला आठ. भिंगाखाली पहिली तपासणी हीच.

---

पशुवैद्य_डिचोली

गोठ्याबद्दल बोलतो. गुरांच्या अंगावर जे सापडेल त्यातले बहुतेक ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस असेल. हे एकयजमानी गोचीड आहे. लार्व्हा एकदा जनावरावर चढली की निम्फ आणि प्रौढ तिथेच होतात, अंडी घालायलाच मादी खाली पडते. माकडाचे रक्त पिऊन मग माणसाला चावण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा त्रियजमानी आहे: लार्व्हा एका प्राण्यावर, निम्फ दुसऱ्यावर, प्रौढ तिसऱ्यावर. दरवेळी खाली उतरून कात टाकायची, आणि विषाणू एका अवस्थेतून पुढच्या अवस्थेत टिकून जातो. म्हणून रोग पसरवतो तो हा.

मग गुरांचा संबंध काय? गुरांच्या रक्तात विषाणू फारसा वाढत नाही, पण स्पिनिजेराच्या प्रौढ माद्यांना पोटभर रक्त गुरेच देतात. जंगलात चरणारी गुरे म्हणजे पुढच्या वर्षीच्या गोचिडांची सोय. त्यामुळे गोठ्यातून घ्यायचीच असतील तर जून ते सप्टेंबरमध्ये घ्या, रानात चरून आलेल्या गुरांची घ्या, आणि ओळख पटवून मायक्रोप्लस बाजूला काढा. मार्चमध्ये गोठ्यातून हजार गोचिडे आणलीत तर संख्या भरेल, माहिती शून्य.

ओढून काढताना मुंडके जनावरातच राहते आणि मुखभाग नसला की ओळख पटत नाही. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर. पिरगळायचे नाही.

---

आरएनए_बाय

अल्कोहोलचा मुद्दा. फक्त जात ओळखायची असेल तर ७० टक्के अल्कोहोल उत्तम. विषाणूचा आरएनए शोधायचा असेल तर नको. विषाणू मरतो, म्हणजे पुढे कोणाला वेगळा करायचा झाला तर दार बंद. आणि त्यातल्या पाण्यामुळे गोचिडाच्या आतला आरएनए खोलीच्या तापमानाला हळूहळू तुटत राहतो. पंधरा दिवस कपाटात राहिलेल्या नळीतून निगेटिव्ह आले तर त्याचा अर्थ कोणी सांगू शकणार नाही.

आरएनए टिकवणारे तयार द्रावण वापरायचे म्हणाल तर आणखी एक अडचण. गोचिडाचे कवच इतके घट्ट असते की द्रावण आत जातच नाही. बाहेरून बुडालेले गोचीड आतून कुजत असते.

सोपा आणि सर्वात चांगला मार्ग: जिवंत न्यायचे. काचेची किंवा प्लास्टिकची नळी, तळाशी गाळणकागदाची ओलसर पट्टी, तोंडाला बारीक मलमल आणि वर कापसाचा बोळा. पट्टी ओलसर हवी, थबथबलेली नको. थेंब उभा राहिला की निम्फ त्यात अडकून मरतात आणि दोन दिवसांत बुरशी धरते. पट्टी सुकली तर वाळून मरतात. नळी दुसऱ्या घट्ट झाकणाच्या डब्यात, डबा थंड पेटीत. बर्फाच्या पिशवीला नळी थेट टेकवू नका, मध्ये वर्तमानपत्राची घडी ठेवा. चार अंशाला उपाशी निम्फ बरेच दिवस तग धरतात. एकदा वजा ऐंशीच्या शीतपेटीत किंवा द्रव नायट्रोजनमध्ये गेले की मात्र परत बाहेर काढून 'जरा बघू' म्हणायचे नाही. प्रत्येक वेळी गोठणे-वितळणे झाले की आरएनए कमी होतो. म्हणजे ओळख आधी, गोठवणे नंतर.

ओळखताना बर्फाच्या थाळीवर काचपट्टी ठेवून त्यावर गोचीड ठेवले की हालचाल मंदावते. टेबलाच्या कडेने दुहेरी चिकटपट्टी लावा, थाळी पांढऱ्या ट्रेमध्ये ठेवा, आणि सुरुवातीला किती होती, शेवटी किती आहेत हे मोजून लिहा. एक जरी कमी भरले तरी सापडेपर्यंत कोणी उठायचे नाही.

---

वाळपई_वाट

ताई, छान. मग वाटणे आणि आरएनए काढणे कॉलेजातच करायला हरकत नाही ना? बायोसेफ्टी कपाट (हवा गाळणारे, जंतूंवर काम करायचे कपाट) आहे आमच्याकडे.

---

आरएनए_बाय

हरकत आहे, आणि मोठी आहे. क्यासनूर जंगल रोगाचा विषाणू हा वरच्या जोखीमगटातला. या विषाणूवर काम करताना प्रयोगशाळेतच लागण झाल्याच्या नोंदी भरपूर आहेत. गोचिडे मणी घालून वाटताना बारीक तुषार उडतात, नळीचे झाकण उघडले की ते हवेत येतात. विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेत हे काम करायचे नाही. कपाट आहे म्हणून प्रयोगशाळा त्या पातळीची होत नाही.

तुमचे काम कुठे थांबते ते आधी ठरवा: गोळा करणे, ओळखणे, मोजणे, गट पाडणे, नोंद. तिथून पुढे पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था किंवा परवानगी असलेली दुसरी प्रयोगशाळा. पुण्याला पाषाणला २०१२ पासून बीएसएल-४ (सर्वात कडक जैवसुरक्षेची) सुविधा आहे. नमुने काढायच्या आधी त्यांच्याशी लेखी बोलणे करा. नमुने गोळा करून मग 'घेता का' विचारणे म्हणजे लग्नघरी जेवण शिजल्यावर पाहुण्यांना आमंत्रण.

आणि जागा. म्हादई अभयारण्याच्या हद्दीत पाऊल टाकायचे तर वन खात्याची परवानगी लागते, खासगी बागायतीत मालकाची. कॉलेजच्या जैवसुरक्षा समितीचा कागदही लागेल.

---

काजूवाला_केरी

बागायतदार म्हणून एक. कापड घेऊन येणार असाल तर बोंडू पडायच्या दिवसांत येऊ नका, पाय पडून बोंडू चिरडतात. नाहीतर मग सकाळी वेचणी झाल्यावर या. आणि पाला जाळलेल्या बागायतीत गोचिडे कमीच मिळणार, ते लिहून ठेवा.

आमच्याकडे गडी पायाला हुर्राक (काजूच्या बोंडूंची दारू) चोळून जातात. त्याने गोचीड जवळ येत नाही म्हणतात. काही तथ्य आहे का?

---

गोचीडशोधक

नाही हो. मद्यार्क दोन मिनिटांत उडून जातो, मागे वास राहतो तो माणसांना जाणवतो, गोचिडाला नाही. हुर्राक पोटात गेलेला बरा, तोही संध्याकाळी. रॉकेल चोळणेही तसेच, वर कातडी भाजते.

उपयोगाचे तीन प्रकार. डीईपीए तेल (ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने काढलेले, कर्नाटकात वाटतात), डीईईटीचे मलम, आणि परमेथ्रिन (कीटकनाशक) लावलेले कपडे. पहिली दोन कातडीवर, परमेथ्रिन फक्त कपड्यावर, कातडीवर कधीच नाही. पॅन्ट मोज्यात खोचायची, मोजे पांढरे. घाम आला की तेल पुन्हा लावायचे, सकाळी लावले म्हणून दुपारपर्यंत चालत नाही.

वाळपईबाब, इथे एक खास चूक होते. तेल लावलेल्याच हातांनी फ्लॅनेल पकडले की कापडच गोचिडांना पळवून लावते. त्या दिवशी शून्य मिळते आणि कोणालाच कारण कळत नाही. तेल लावणारा आणि कापड धरणारा वेगळा ठेवा, किंवा तेल लावून झाल्यावर स्वच्छ हातमोजे घाला. कापड साबणाने नव्हे, नुसत्या गरम पाण्याने धुवा.

अंगावर चावलेले सापडले तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायचे, साबणाने धुवायचे. काडी पेटवून लावणे, नखाने खरवडणे, तेलात बुडवणे नको. काढलेले गोचीड नळीत टाकून तारीख लिहा. ताप आलाच तर 'कधी चावले' हे सांगता येते.

---

ओपीडी_सात

काजूच्या दिवसांतला ताप या बाजूने लिहितो, कारण तुमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणाला ताप आला तर हाच धागा उघडला जाईल.

पार्श्वभूमी थोडक्यात. रोग १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात मेलेल्या माकडांमुळे लक्षात आला. सुरुवातीला पीतज्वराची शंका होती. बरीच वर्षे तो कर्नाटकातल्याच मोजक्या जिल्ह्यांत राहिला, मग २०१२ पासून पश्चिम घाटात दोन्ही बाजूंना सरकला: बंदीपूर, वायनाड, २०१५ मध्ये आपल्या सत्तरीतले पाली गाव, २०१६ मध्ये शेजारचे दोडामार्ग. गोव्यातल्या काजू कामगारांना कामावरच लागण होते हे २०१७ मध्ये छापून आलेले आहे. फेब्रुवारी ते मे हा वेचणीचा काळ आणि निम्फचा काळ एकमेकांवर बसतात. बोंडू झाडावरून तोडत नाहीत, जमिनीवरून वेचतात. हात पाल्यात, बसणे पाल्यावर.

लक्षणे. चावल्यापासून तीन ते आठ दिवसांत अचानक थंडी वाजून ताप, कपाळात जबर डोकेदुखी, पाठ-पोटऱ्या ठणकणे, उलट्या, डोळे लाल. टाळूवर बारीक फोड बघा, सांगितल्याशिवाय रुग्ण तोंड उघडत नाही. ताप असून नाडी मंद. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी, यकृताची एन्झाइमे वाढलेली. काहींना हिरड्या, नाक किंवा आतड्यातून रक्त. मृत्यूचे प्रमाण ३ ते ५ टक्के.

फसवणारा भाग पुढचा आहे. साधारण १० ते २० टक्के रुग्णांत ताप उतरतो, आठवडा-दोन आठवडे बरे वाटते, माणूस परत बागायतीत जातो आणि मग दुसरा टप्पा येतो: पुन्हा ताप, मान ताठ, हात थरथरणे, चक्कर, भ्रम. हा मेंदूचा टप्पा. यावेळी रक्तातला विषाणू सहसा संपलेला असतो. फक्त पीसीआर मागवला आणि निगेटिव्ह आला, म्हणून माकडताप नाही असे लिहिले तर निदान हुकले. इथे आयजीएम (प्रतिपिंडांची रक्तचाचणी) हवा.

---

शीतसाखळी

ओपीडीसाहेबांच्या शेवटच्या वाक्याला शंभर मार्क. नमुन्याच्या चिठ्ठीवर सगळे असते: नाव, वय, गाव, नमुन्याची तारीख. नसते ती ताप सुरू झाल्याची तारीख. आणि प्रयोगशाळेला कोणती चाचणी लावायची ते त्या एकाच तारखेवरून ठरते.

पहिले चार-पाच दिवस पीसीआर. पाचव्या दिवसानंतर आयजीएम धरू लागतो, म्हणून मधल्या दिवसांत दोन्ही. पहिल्या दोन-तीन दिवसांत आयजीएम निगेटिव्ह येणे अपेक्षितच आहे, त्याने काही सिद्ध होत नाही. संशय कायम असेल तर आठवड्याने दुसरा नमुना.

रक्त घेताना: प्रौढाचे चार-पाच मिली, साध्या किंवा गोठण्यास मदत करणाऱ्या नळीत. पीसीआरसाठी ईडीटीएची (रक्त गोठू न देणारी) नळी चालते. हेपॅरिनची हिरवी नळी नको, हेपॅरिन पीसीआर अडवते. नळी अर्धा तास उभी ठेवा, गोठू द्या, मग फिरवून सिरम वेगळे करा. न गोठलेले रक्त पेटीत टाकून वाळपई-बांबोळी रस्त्यावर तासभर हादरवले की रक्तपेशी फुटतात, सिरम गुलाबी होते, आणि ते लाल द्रव्यही पीसीआर अडवते. बर्फावर पूर्ण रक्त थेट गोठवले तरी तेच होते. सिरम दोन ते आठ अंशाला, लांब प्रवास असेल तर कोरड्या बर्फावर.

तिहेरी वेष्टन: नळी, तिच्याभोवती शोषक कापूस, मग न गळणारा घट्ट डबा, मग बाहेरची पेटी. कागद पेटीच्या आत पण डब्याच्या बाहेर. डब्यात ठेवलेला कागद भिजला तर वाचता येत नाही, आणि गळती झाली तर हातातही घेता येत नाही. शुक्रवारी दुपारी पाठवू नका.

---

नवा_सभासद_फोंडा

वाचनखूण साठवली. डेंग्यूची आयजीएम पॉझिटिव्ह आली तर माकडताप नाही असे धरायचे का?

---

ओपीडी_सात

नाही. दोन्ही फ्लेविव्हायरस कुळातले, प्रतिपिंडे एकमेकांच्या चाचणीत थोडीफार धरली जातात. डेंग्यूची एनएस-१ (विषाणूचे प्रथिन शोधणारी चाचणी) पॉझिटिव्ह असेल तर डेंग्यूचे पारडे जड. नुसती आयजीएम असेल, आणि रुग्ण मार्चमध्ये सत्तरीच्या बागायतीतून आलेला असेल, तर माकडतापाचा नमुना जायलाच हवा.

बाकी यादी: मलेरियाचा रक्तनमुना प्रत्येकाचा. लेप्टोस्पायरोसिस आपल्याकडे पावसाळ्यात जास्त, पण शेतातल्या माणसात डोक्यात ठेवा. स्क्रब टायफसची खपली काखेत, जांघेत शोधा. तीही पाल्यातल्या किड्यानेच येते आणि डॉक्सिसायक्लिनने बरी होते, म्हणून निकाल यायच्या आत ते सुरू करण्यात शहाणपण आहे.

माकडतापावर विषाणूविरोधी ठरलेले औषध नाही. द्रव, पॅरासिटामॉल, रक्तस्रावावर नजर. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन गटातली औषधे नकोत, प्लेटलेट आधीच कमी आहेत. मेंदूचा टप्पा असेल तर पाठीतून पाणी काढण्याआधी प्लेटलेट बघा. आणि हर्पिसची (मेंदूला सूज आणणारा दुसरा विषाणू) शक्यता निकाली निघेपर्यंत त्यावरचे औषध ॲसिक्लोव्हिर चालू ठेवा. पहिल्या तीन दिवसांतल्या पाण्यात हर्पिसचा पीसीआर खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. 'माकडतापच असणार' म्हणून ते बंद करणे महाग पडते.

माणसाकडून माणसाला लागत नाही. घरातल्यांनी घाबरून रुग्णाला वेगळ्या खोलीत टाकू नये.

---

काजूवाला_केरी

आणि लस? पूर्वी टोचत होते ना?

---

ओपीडी_सात

होती. कोंबडीच्या भ्रूणपेशींवर वाढवून फॉर्मॅलिनने मारलेला विषाणू. एका महिन्याच्या अंतराने दोन डोस, सहा ते नऊ महिन्यांनी बूस्टर, पुढे पाच वर्षे दरवर्षी एक. कर्नाटकातल्या २००५ ते २०१० च्या आकड्यांत दोन डोसांचा परिणाम ६२.४ टक्के, बूस्टरसह ८२.९ टक्के निघाला. टोचली की दुखायची फार, त्यामुळे दुसऱ्या डोसाला माणसे यायची नाहीत आणि बूस्टरला तर त्याहून कमी. नंतरच्या वर्षांत लस घेतलेल्यांनाही रोग झाला. २०२२ मध्ये वापर थांबला. नव्या लसीवर काम चालू आहे. सध्या तेल, मोजे आणि वेळेवर नमुना.

---

आकडेमोड

तिसऱ्या प्रश्नाचे, निकाल मांडण्याचे, कोणी उत्तर दिलेले दिसत नाही.

गट पन्नासचा नको, पंचवीसचा करा. एका गटात एकच जात, एकच अवस्था, एकच जागा, एकच दिवस. रक्त प्यायलेली फुगलेली गोचिडे गटात घालू नका, एकेकटी ठेवा. त्यांच्या पोटातले रक्त पीसीआर अडवते, शिवाय सापडलेला विषाणू गोचिडाचा की नुकत्याच प्यायलेल्या रक्ताचा, हे कळत नाही.

समजा हंगामात १,२०० निम्फ मिळाले. पंचवीसचे ४८ गट. दोन गट पॉझिटिव्ह. किमान संसर्गदर = २ भागिले १,२०० गुणिले १,००० = हजारी १.६७. या गणितात प्रत्येक पॉझिटिव्ह गटात एकच बाधित गोचीड आहे असे गृहीत धरलेले असते. पॉझिटिव्ह गट थोडे असतात तेव्हा ते चालते. महत्तम संभाव्यतेने (सर्वात संभवनीय दर काढायची सांख्यिकी पद्धत) काढले तरी हजारी १.७० येते, फरक नाही. पण ४८ पैकी २४ गट पॉझिटिव्ह आले तर किमान दर हजारी २० म्हणेल आणि खरा अंदाज हजारी २७.३ असेल. म्हणून दोन्ही छापा आणि गटाचा आकार लिहा. गटाचा आकार न देता दिलेला दर कोणालाही दुसऱ्या वर्षाशी ताडून पाहता येत नाही.

आणि सगळे निगेटिव्ह आले तर? 'विषाणू नाही' असे लिहू नका. १,२०० मध्ये शून्य म्हणजे ९५ टक्के खात्रीने वरची मर्यादा ३ भागिले १,२००, म्हणजे हजारी २.५. तीनशे गोचिडांत शून्य असेल तर तीच मर्यादा हजारी १०. पंचायतीला 'आमच्या गावात नाही' असे सांगायला हे पुरेसे नाही.

घनता वेगळी मांडा: दर शंभर मीटरला निम्फ किती. सरासरीच्या शेजारी मध्यक द्या, कारण एखाद्याच पट्ट्यात पन्नास सापडतात आणि बाकीचे रिकामे.

---

आरएनए_बाय

आकडेमोड यांना दुजोरा, एक जोड. प्रयोगशाळेला आधीच विचारा की प्रत्येक गटात बाहेरचा आरएनए घालून अडथळा तपासतात का. तो अंतर्गत नियंत्रक उमटला नाही तर गट निगेटिव्ह नाही, 'अवैध' आहे. अर्क दहापट पातळ करून पुन्हा लावला की बऱ्याचदा सुटतो. अवैध गट छेदातून वगळायचे, निगेटिव्हमध्ये ढकलायचे नाहीत.

---

पशुवैद्य_डिचोली

मेलेल्या माकडाचे राहिले. वानर किंवा लाल तोंडाचे माकड मेलेले दिसले तर तुमच्या पथकाने हात लावायचा नाही, फोटो काढायलाही जवळ जायचे नाही. शरीर थंड झाले की गोचिडे उतरतात आणि आसपासच्या पाल्यात भुकेली बसतात. माकड मेल्यानंतरचे काही दिवस ती जागा सर्वात धोक्याची. वन खाते आणि पशुसंवर्धन खात्याला फोन, जागेचे अक्षांश-रेखांश, मरून किती वेळ झाला असावा याचा अंदाज.

शवविच्छेदन संपूर्ण संरक्षक पोशाखात. मेंदू, यकृत, फुप्फुस, प्लीहा, हृदय यांचे तुकडे. आपल्या उकाड्यात चोवीस तास उलटले की ऊतके कुजतात आणि निकालात दम राहत नाही. उरलेले शरीर जाळायचे. उथळ पुरले तर कुत्री उकरतात. मग भोवती मॅलेथिऑन या कीटकनाशकाची पूड. पण पूड पाल्याच्या वरच्या थरावर राहते, खालचे निम्फ वाचतात, आणि एखादा अवकाळी पाऊस आला की सगळी धुऊन जाते. एकदा मारली म्हणजे जागा मोकळी झाली असे समजून माणसे सोडू नका. पूड मारलेल्या जागी दर आठवड्याला कापड ओढून मोजा. हे काम मात्र तुमच्या विद्यार्थ्यांच्या आवाक्यातले आहे, आणि कोणी नीट करत नाही.

माकड मेले म्हणजे माकडतापच असेही नाही. विजेच्या तारा, कुत्री, गाड्या यांनीही मरतात. नमुना निगेटिव्ह आला तरी कळवणे थांबवू नका.

---

वाळपई_वाट

सगळ्यांचे आभार. बदललेला आराखडा: नोव्हेंबरअखेर ते मे, साडेआठ ते अकरा, चार बागायती आणि रानाच्या कडेच्या दोन जागा, गोठे फक्त पावसाळ्यात. जिवंत वाहतूक, पंचवीसचे गट, वाटणे आमच्याकडे नाही. पुण्याला पत्र या आठवड्यात जाते. तेलवाला आणि कापडवाला वेगळा.

एक शंका उरली. दर पंधरवड्याला त्याच शंभर मीटरच्या पट्ट्यावर कापड ओढायचे की दरवेळी बाजूला सरकायचे?

---

गोचीडशोधक

त्याच बागायतीत, पण पट्टा पाच-सहा मीटर सरकवा. पकडलेली गोचिडे तुम्ही घेऊन जाता, त्यामुळे तोच पट्टा दोन-तीनदा ओढला की तो तुम्हीच रिकामा केलेला असतो आणि आलेख उतरता दिसतो. प्रत्येक बागायतीत पाच समांतर पट्टे आखा, झाडांवर खडूने क्रमांक घाला, आळीपाळीने घ्या. केरीवाल्यांना आधी विचारून, नाहीतर ते खडू पुसतील.

---

काजूवाला_केरी

पुसत नाही. पण झाडाला खिळा मारू नका.